फळीवरचा ग्लास

बाबा, एका बाईच्या हातचं पाणी मी नाकारलं. ते तुम्हालाच सांगावंसं वाटतं, कारण ते नाकारायचं कारण नाही हे मी शाळेत जायच्या आधी तुमच्याकडून शिकले होते.

ब्राह्मणपाऱ्यातलं आपलं स्वयंपाकघर. तुम्ही नुकतेच दवाखान्यातल्या एक्स-रेच्या खोलीतली ड्युटी संपवून घरी आला आहात. शेजारच्या काकू प्रसाद घेऊन येतात, माझ्या हातावर ठेवतात, तुमच्या ओंजळीत मात्र वरून टाकतात. त्यांची सून गरोदर आहे. "राग नका मानू भाऊजी, तुमच्या अंगाले ते मशीनचं काहीतरी चिकटून रायते म्हणतात." तुम्ही हसून प्रसाद खाता. त्या गेल्यावर मी विचारते, काहून असं केलं? तुम्ही मला मोरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेता, टॉर्च लावता, विझवता. "सांग पोट्टे, भिंतीवर उजेड उरला का? तसंच आहे ते. धूळ लागली असंल तर गोष्ट वेगळी, ते धुवा लागते. नुसता उजेड कोणाच्या अंगाले चिकटून रायत नाही." मी तरी भिंतीवरून हात फिरवून पाहिला होता.

आज माझी नोकरी तेवढ्यावरच चालते. तेलीबांध्याच्या ऑफिसातून आमची गाडी निघते आणि शहराभोवती रेडिएशन मोजत फिरते. गेल्या महिन्यात एका भंगाराच्या यार्डात मीटर किरकिरायला लागलं. कुठल्याशा जुन्या यंत्रातली डबी ढिगात पडली होती. आमच्या माणसांनी लांब चिमट्याने ती उचलून शिशाच्या पेटीत बंद केली. डबी फुटली नव्हती, म्हणजे धूळ नाही, फक्त उजेड. पण त्या दिवशी सकाळी ती उचलून बाजूला ठेवणारी एक बाई होती. मी तिचे तळहात, केस, पदर, तळवे तपासले. काहीच नव्हतं. तिच्या स्वतःच्या तब्येतीसाठी तिला डॉक्टरांकडे पाठवायचं ठरलं, पण तिला नेमकी भीती दुसरीच होती, आपल्यामुळे घरच्या लहान लेकराला काही होईल का याची. "मोर ले कोनो ल कुछु नइ होही न मैडम? घर म नान्हे लइका हे." मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "दीदी, आपसे किसी को कुछ नहीं होगा."

तिचा चेहरा खुलला. मी कधीची उभी आहे म्हणून हात धुऊन तिने माठातून स्टीलचा ग्लास भरून आणला. "ले मैडम, पानी पी ले, कतका बेर ले ठाढ़े हस."

आणि मी म्हणाले, "मेरे पास है." माझी बाटली रिकामी होती, बाबा. ती तोंडाला लावून मी प्यायल्याचं नाटक केलं. मागून एक हमाल हसला, "का मैडम, मशीन झूठ बोलथे का?" तो ग्लास मग कोणीच घेतला नाही. तिने पाणी जमिनीवर ओतलं.

तुम्ही गेलात तेव्हा डॉक्टर म्हणाले हृदय, आणि पाऱ्यातले लोक म्हणाले मशीन. मी डॉक्टरांचं मानलं होतं, असं मी इतकी वर्षं समजत होते. शिकले, परीक्षा दिल्या, लोकांची भीती घालवायची भाषणंसुद्धा देते. पण तो ग्लास समोर आला तेव्हा माझा हात काकूंचा झाला.

काल मी परत गेले. डॉक्टरांनी तिला कामावर जायला सांगितलं आहे, तरी बाकीच्या बायका एका सावलीत आणि ती दुसरीकडे, एकटी जेवत होती. मीच पाणी मागितलं. तिने ग्लास दोनदा विसळला, भरला, फळीवर ठेवला आणि मागे सरकली. "ले ले मैडम." सगळ्या बघत होत्या. मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

हे आईला वाचून दाखवायचं ठरवलं होतं. आता नाही दाखवणार. पाणी प्यायले म्हटल्यावर ती म्हणेल, शेवटी बाबांची पोरगी. आणि मग मला सांगावं लागेल की ग्लास मी फळीवरूनच उचलला. हातात दे, असं मी त्या बाईला म्हटलं नाही.