लिंबू कुठल्या बाजूला

लालबाग, रविवार

प्रिय हेरंब,

पाकिटावर माझं नाव वाचून तू पत्र बाजूला टाकलं नसशील, असं धरून चालतो. अक्षर माझं नाही हे तुझ्या लगेच लक्षात आलं असेल. माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात, असं तू शाळेपासून म्हणायचास. हे वळणदार अक्षर कुणाचं ते शेवटी सांगतो. फोन का केला नाही म्हणशील, तर दोनदा लावला होता. दोन्ही वेळा तिकडे रिंग वाजायला लागली आणि मीच कापला. फोनवर तू "जाऊ दे रे" म्हणाला असतास आणि मी तेवढ्यावर सुटलो असतो. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, म्हणून पत्र.

इकडे सगळं बरं आहे. सुरुचीचा गुडघा कुरकुरतो, पण गणपतीत तिने एकवीस मोदकांऐवजी एक्कावन्न केले, तेव्हा गुडघ्याचं फारसं मनावर घेऊ नये. पोरगी मार्गाला लागली, अपेक्षा परळच्या एका लॅबमध्ये कायम झाली आणि यंदाच्या दसऱ्याला तिने लहानशी गाडी घेतली. पांढरी, साधी, रोजच्या वापराची. चालवायला अजून शिकायची आहे, पण आधी गाडी, मग शिकणं, अशी आमच्या घरातली उलटी गंगा. तू असतास तर गाडीभोवती एक चक्कर मारून, पुढच्या चाकापाशी उकिडवा बसून, आधी टायर बघितले असतेस. त्या दिवशी सगळ्यांना तुझी आठवण आली, पण ती कशी आली ते सांगायला मला लाज वाटते. ते पुढे येईलच.

तुला बाबांची पद्मिनी आठवते ना? गिरणी गेल्यावर त्यांनी टॅक्सी धरली. रविवारी सकाळी ती धुवून द्यायच्या बदल्यात त्यांनी आपल्या दोघांना रे रोडच्या लाकडाच्या वखारींमागे मोकळ्या रस्त्यावर शिकवलं. ते स्टिअरिंग जागच्या जागी वळवायचं म्हणजे विहिरीतून भरलेली घागर ओढण्यासारखं. खांदे भरून यायचे. पण खाली खडी आहे की वाळू, कुठल्या टायरात हवा कमी आहे, सगळं तळहातात कळायचं. बाबा म्हणायचे, "गळा आवळल्यासारखं धरू नका, कोंबडीचं पिल्लू धरल्यासारखं धरा." मी आवळायचो आणि तू धरायचास. पुढे तू रे रोडच्याच गॅरेजमध्ये चाकांच्या अलाइनमेंटच्या खड्ड्यात उतरलास आणि मी प्रभादेवीच्या साहेबांची गाडी चालवायला लागलो. साहेबांच्या दोन्ही गाड्या मी तुझ्याकडेच आणायचो, कारण कुठली गाडी केसभर डावीकडे ओढते हे तू मशीनवर चढवण्याआधीच दोन बोटांनी सांगायचास.

आणि दर दसऱ्याला गॅरेजमध्ये पूजा झाली की तुझा तो खेळ. बाकीचं जग चारी चाकांखाली लिंबू ठेवतं. तू पुढच्या एकाच चाकाखाली ठेवायचास, ड्रायव्हरच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचास, गाडी हातभर पुढे घ्यायला लावायचास आणि विचारायचास, लिंबू कुठल्या बाजूला? पहिली काही वर्षं मी एकदाही हरलो नाही. त्याचा मला केवढा माज होता! गल्लीत कुणी ड्रायव्हिंगची गोष्ट काढली की मी लिंबावर यायचो.

मग तीन वर्षांपूर्वी साहेबांच्या मुलाने, विहंगने, ती बुटकी, लाल, स्पोर्टी गाडी घेतली, आणि त्या दसऱ्याला तू मला एकामागून एक तीन गाड्यांत बसवलंस. पहिली कुणा शिक्षिकेची साधी हॅचबॅक. एका बोटावर फिरेल इतकं हलकं स्टिअरिंग, थोडं दबकं, पण लिंबू फुटताना हाताला बारीकशी टिचकी लागली, किंवा लागली असं मला वाटलं. दुसरी विहंगची. तिचं स्टिअरिंग लहान, घट्ट, ताणलेलं, लिंबातल्या बियासुद्धा मोजाव्यात असं. तिसरी साहेबांची. गाडी पुढे गेली, थांबली, आणि मला काहीच कळलं नाही. मी ठोकून दिलं, डावीकडे. लिंबू उजवीकडे होतं. सगळे हसले, मीही हसलो. तू हसला नाहीस. म्हणालास, "रोजची गाडी कामापुरतं सांगते. विहंगची कानात ओरडून सांगते. तुझ्या साहेबांची गाडी कायम 'सब ठीक है साहेब' म्हणते. बारा वर्षं तीच ऐकतोयस, तुझा हात पण साहेब झालाय, मेल्या." आणि पुढे एक कामाची गोष्ट सांगितलीस. मोठ्या गाडीत आपण हातावर हात टाकून सावकाश वळतो, विहंगच्या गाडीत तेवढंच वळण नुसत्या मनगटात होतं, म्हणून तिथे हात अर्धाच वळव. मी म्हटलं, मला शिकवतोस? तू म्हणालास, "शिकवत नाय रे, सांगतंय."

त्याच दिवशी चहा पिताना तू माझ्याकडे टक लावून बघत होतास. टपरीवरचा उकळता कटिंग सगळ्यांनी काठाला धरला होता आणि मी ग्लास मुठीत घेऊन निवांत बसलो होतो. तू ग्लास माझ्या हातातून काढून घेतलास. म्हणालास, "चटका बसत नाही तुला? डॉक्टरला दाखव." मी तुला काय म्हटलं ते आठवतं का? म्हटलं, साहेबी हात आहे, तुझ्यासारखा ग्रीसचा नाही. हे वाक्य आता मला जेवताना, आंघोळ करताना, कधीही आठवतं आणि कानाच्या पाळ्या गरम होतात.

हेरंब, बोटं तेव्हाच बधिर व्हायला लागली होती. सकाळी सदऱ्याची बटणं लागायची नाहीत, सुरुची लावून द्यायची. मी तिला सांगायचो, थंडीने होतं. मुंबईत थंडी! तिनेही कधी वाद घातला नाही. साहेबांच्या गाडीत काही अडायचं नाही, कारण ती गाडी कुणाच्याच हाताला काही सांगत नाही. मला कळत नाही ते गाडीमुळे, अशी मी समजूत करून घेतली होती. ड्रायव्हरचा हात गेला म्हणजे ड्रायव्हर गेला, आणि हे कबूल करायची माझी छाती नव्हती.

त्याच्या पुढच्या दसऱ्याची गोष्ट तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू ती कधी ऐकली नाहीस. आदल्या दिवशी विहंगच्या गाडीची अलाइनमेंट तू केली होतीस. तो स्वतः बंगळुरूला होता. साहेबांच्या इमारतीखाली पूजा झाली, चार लिंबं ठेवली गेली, सगळे बाजूला उभे राहिले. स्वयंपाकाच्या रमाबाई निरांजनाचं तबक घेऊन फाटकाच्या खांबापाशी होत्या. लिंबावरून गाडी घ्यायची आणि लगेच डावीकडे वळून बाहेर काढायची, एवढंच काम. मी सवयीने मोठ्या गाडीचं वळण दिलं. पूर्ण दिलं, हातावर हात टाकून. किती वळवलंय ते बोटांनी सांगायला हवं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. गाडीने दगा दिला नाही, हेरंब. मी नेलं तिथेच ती गेली. खांबावर आदळली, दिवा फुटला, आणि चाक रमाबाईंच्या पायापासून वीतभर अंतरावर थांबलं. तबक खाली पडून गरगरत राहिलं. मी उतरलो तेव्हा सगळे माझ्या हातांकडे बघतायत असं मला वाटलं. खरं तर कुणीच बघत नव्हतं. आणि साहेबांनी "काय झालं जयवंत?" एवढंच विचारल्यावर माझ्या तोंडून निघालं, "स्टिअरिंग ओढतंय साहेब. कालच हेरंबने काम केलंय."

मी खोटं बोललो. मला त्या क्षणी माहीत होतं की मी खोटं बोलतोय.

तुला बोलावून घेतलं. तू आलास, गाडी आवारात एक फेरी फिरवलीस, नेहमीसारखी दोन बोटांनी. उतरलास तेव्हा तू माझ्या तोंडाकडे बघितलं नाहीस, हाताकडे बघितलंस. तुला सगळं कळलं होतं. मी वाट बघत होतो की आता हा बोलणार. आणि तू साहेबांना म्हणालास, "माझ्याकडूनच राहिलं असेल काहीतरी." मला हायसं वाटलं. हे सांगताना मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मित्राने माझं पाप अंगावर घेतलं आणि मला हायसं वाटलं.

पुढचं तूच भोगलंस. गॅरेजच्या शेठने तुला खड्ड्यावरून काढून पंक्चरच्या कामाला बसवलं. ड्रायव्हर लोकांत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? हेरंबचा हात गेला, असं लोक म्हणायला लागले. माझ्यासमोर म्हणायचे आणि मी मान हलवायचो. तीन महिन्यांत तू कणकवलीला निघून गेलास, टेम्पोच्या गॅरेजात. जाण्याआधी घरी आला होतास, मी आतल्या खोलीत झोपलोय असं सुरुचीला सांगायला लावलं. मी जागा होतो. तू अपेक्षासाठी आणलेला खाज्याचा पुडा टेबलावर ठेवल्याचा आवाज मी ऐकला.

आता यंदाचा दसरा. अपेक्षाच्या गाडीची पूजा झाली. शेजारचे जमले होते. कुणीतरी म्हणालं, अलाइनमेंट बघून घे हो. तर अपेक्षा हसून म्हणाली, "बरं झालं हेरंबकाका इथे नाहीत, नाहीतर पहिल्याच दिवशी खांबावर!" सगळे हसले. मीसुद्धा हसलो. लहानपणी तू तिला मांडीवर घेऊन बंद गाडीचं स्टिअरिंग धरायला द्यायचास, ती हीच मुलगी. तिने तुझ्याबद्दल हे कुठून शिकावं? माझ्याकडूनच. मग तिला तुझा खेळ आठवला. तिने एकच लिंबू ठेवलं, माझ्या डोळ्यांवर तिची ओढणी बांधली. रोजच्या वापराची साधी गाडी होती, हेरंब. कामापुरतं सांगणारी. मी पिल्लू धरल्यासारखं धरलं, जीव बोटांत आणला, गाडी हातभर पुढे घेतली. काही नाही. ना टिचकी, ना धक्का. मी म्हटलं, डावीकडे. लिंबू उजवीकडे होतं, लोकांना वाटलं मी गंमत करतोय. ओढणी सोडली तेव्हा अपेक्षा लिंबाकडे बघत नव्हती. ती माझ्या हाताकडे बघत होती, अगदी तू बघितलंस तशी.

दुसऱ्या दिवशी ती मला ओढतच डॉक्टरकडे घेऊन गेली. दोन्ही मनगटांत नस दबली आहे आणि त्यात साखरेने भर घातली आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. उजव्या हाताचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. थोडंफार परत येईल म्हणतात. गेल्या सोमवारी मी साहेबांना किल्ल्या दिल्या आणि त्या दिवशीचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हे तेव्हाच सांगायचं होतंत." ओरडले असते तर बरं झालं असतं. तिथून रे रोडला गेलो. चहाच्या वेळी गेलो, मुद्दाम, सगळे ड्रायव्हर असतात म्हणून. खड्ड्यापाशी उभा राहून म्हटलं, हेरंबचं काम चोख होतं, हात माझा चुकला होता, खोटं मी बोललो होतो. म्हातारे अप्पा ड्रायव्हर अर्धा चहा ठेवून उठून गेले. शेठ म्हणाले की हेरंबला यायचं असेल तर खड्डा त्याचाच आहे. हा निरोप मी तुझ्यापर्यंत पोचवतोय, तू ये असं म्हणायचा हक्क मला नाही.

आता अक्षराचं. पेन धरता येत नाही हे खरं, पण सुरुचीनेही लिहून दिलं असतं. हे अक्षर अपेक्षाचं आहे. मी सांगतोय आणि ती लिहितेय. मुद्दाम तिलाच बसवलं, कारण तुझ्याबद्दलचं खोटं तिला मी शिकवलं, तेव्हा खरंही तिने माझ्याच तोंडून ऐकायला हवं होतं. 'मी खोटं बोललो' या वाक्यापाशी तिने पेन खाली ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता काही ती यायची नाही. पाऊण तासाने आली, माझ्याकडे न बघता खुर्ची ओढली आणि म्हणाली, "पुढे सांगा." हेरंब, तिला गाडी शिकायची आहे आणि मी शिकवू शकत नाही. नुसत्या हातामुळे नाही. जे तळहाताला कळतं ते तोंडाने खरं सांगायचं, हे तिला शिकवायला माझ्यापाशी तोंड नाही. माफी मी मागत नाही, ती तुझ्या मनात येईल तेव्हा येईल, न आली तरी तक्रार नाही. पण तू मुंबईला आलास तर माझ्याकडे येऊ नकोस हवं तर, फक्त चार दिवस सकाळी वखारींमागच्या त्या रस्त्यावर तिच्या शेजारी बस. तिची गाडी खाली कव्हर घालून ठेवली आहे आणि तू बसल्याशिवाय मी ती कुणाला हलवू देणार नाही, असं सांगणार होतो, पण ती म्हणाली की हे वाक्य तिचं आहे, तिच्या नावावर लिहिते. तर ते तिचं. खालची सही तेवढी माझी. पेन कागदाला टेकलंय की नाही हे मला कळत नाही, अपेक्षा सांगेल तिथे थांबतो.

तुझाच,
जयवंत