झारीएवढा पिवळा दिवा

तीर्थस्वरूप मामांच्या सेवेशी,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (गेले तीन रविवार मी जमिनीवर आडवाच होतो, फक्त पालथा नव्हे, उताणा, आणि वर तुमची गाडी होती. तो काळ नमस्कारात धरायचा की नाही ते तुम्हीच ठरवा.) पत्र लिहायचं कारण असं की तुमचा फोन लागत नाही. तो सारखा वाजतो म्हणून तुम्ही त्याला ड्रॉवरमध्ये स्वेटरखाली ठेवलं आहे, असं तुमच्या शेजारच्या काकूंकडून कळलं.

गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की रक्तदाबाचं यंत्र उगाच मोठमोठे आकडे दाखवायला लागलं, म्हणून तुम्ही ते कपाटात ठेवून दिलंत आणि तेव्हापासून रक्तदाबाची काही तक्रार नाही. वाचून मला बरं वाटलं. हिला वाटलं नाही. ही दिवसभर प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासते, त्यामुळे एखादा माणूस आपण होऊन बरा आहे यावर तिचा चटकन विश्वास बसत नाही. आमच्याकडे तब्येतीने सगळे ठीक आहोत. फक्त आम्ही दोघं सध्या एकमेकांशी कामापुरतं बोलतो, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे.

गाडी माझ्या हवाली करताना तुम्ही बॉनेटवर हात ठेवून काय म्हणाला होतात ते मला अजून पाठ आहे. सोळा वर्षांत हिच्या डॅशबोर्डवर एकही दिवा लागलेला नाही, असं म्हणाला होतात. (पेट्रोल जरा जास्त पिते असं मी म्हणालो, तेव्हा तुम्ही म्हणालात की अंगाने भरलेली आहे, खाणारच. मी ते मानलं.) मला तर ही गाडी तशीही प्रिय आहे, कारण मामीने मला याच गाडीत क्लच सोडायला शिकवलं. मी पहिल्याच दिवशी सहा वेळा गाडी बंद पाडली आणि सहाही वेळा मामी खिडकीबाहेर बघत राहिली, जणू बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय. तेव्हा मला वाटलं तिचं लक्षच नाही. माझी लाज राखायला ती बाहेर बघत होती हे कळायला मला पुढे दहा वर्षं लागली.

तर आमच्या हिला गाडी चालवायचा परवाना मिळाला. प्रयोगशाळा सकाळी सहाला उघडते, तिथे पोचायला दोन बस बदलाव्या लागतात आणि दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजतात, म्हणून गाडी तीच नेऊ लागली. नऊ दिवस सगळं सुरळीत चाललं. दहाव्या दिवशी मी गाडीत बसलो, तर समोर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागलेला. (इंजिन कसलं, मला ती झाडांना पाणी घालायची झारी वाटली.) मी वर येऊन हिला विचारलं, "काय केलंस गाडीला?" ती म्हणाली, "पुसली." मला तो फटकळपणा वाटला आणि मग मी बोलायला लागलो. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणं, गिअर बदलताना होणारे आवाज, सोळा वर्षं एका जाणत्या हाताखाली नांदलेली गाडी आणि दहा दिवसांत तिची झालेली दशा, असं मी बरंच बोललो. तुमचं नाव चार वेळा घेतलं. तिने सगळं ऐकून घेतलं, किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आणि एवढंच म्हणाली, "गाडी तुमच्या घराण्याची आहे. तुम्हीच सांभाळा." दुसऱ्या दिवशी ती पावणेपाचला डबा घेऊन बसस्टॉपवर गेली.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने गाडीला आपलं डबीएवढं यंत्र जोडलं आणि ऑक्सिजन सेन्सर गेला आहे असं सांगितलं. हा सेन्सर म्हणजे गाडीचं नाक. सायलेन्सरच्या नळीत बसून तो धूर हुंगतो आणि पेट्रोल कमी घाल की जास्त घाल ते इंजिनाला कळवतो. नाक गेलं की इंजिन अंदाजपंचे पेट्रोल ओतत राहतं. तासाभराचं काम आहे, गुरुवारी आणा, असं तो म्हणाला. पण मी घरी सांगून बसलो होतो की तू बिघडवलेलं मी माझ्या हाताने दुरुस्त करून दाखवीन, आणि असं बोलून झाल्यावर गुरुवारी मेकॅनिककडे कसं जाणार?

पहिल्या रविवारी गाडी जॅकवर उचलून, खाली दोन स्टँड लावून मी आत शिरलो. सेन्सर सापडायलाच पाऊण तास गेला. बोटाएवढी वस्तू, गंजून तपकिरी झालेली, नळीशी पार एकजीव. त्याची शेपटासारखी वायर मध्ये येत असल्यामुळे रिंग पाना काही ओवता येईना. मी शाळेत भूमिती शिकवतो. मी सर्व कोनांतून विचार केला आणि वायर कापली. (यासाठी खाच असलेला पाना मिळतो, असं मेकॅनिक नंतर म्हणाला. त्याने तो भिंतीवरून काढून दाखवलासुद्धा. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिलो.) पाना बसला, सेन्सर हलला नाही, मग पाना सटकला आणि माझी तीन बोटं सोलवटली. आता वायर कापलेली, म्हणजे माघार घ्यायची सोय उरली नव्हती. थोड्या वेळाने चाकाजवळ हिची पावलं आली, पट्टीचा गुंडाळा आणि औषधाची बाटली खाली ठेवली गेली, आणि पावलं परत गेली. तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

गाडी जागची हलत नव्हती, तेव्हा मीही बसने जाऊ लागलो. एक दिवस मुद्दाम पहाटे हिच्यामागून निघालो. रांगेत ती पुढे, मी आठ माणसं सोडून मागे. बसमध्ये तिला जागा मिळाली नाही आणि एक पाय उचलून दुसऱ्या पोटरीला घासत ती वीस मिनिटं दांड्याला धरून उभी राहिली. मला फार वाईट वाटलं, मामा. पण वाईट वाटणं आणि चूक कबूल करणं यांच्यामध्ये आपल्या घराण्यात बरीच मोठी जागा रिकामी असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसऱ्या रविवारी तळमजल्यावरचे निवृत्त प्लंबर मदतीला आले. आटे असलेली कोणतीही वस्तू आपल्या हद्दीत येते, असं त्यांचं म्हणणं. इंजिन थोडं गरम करून घ्या, मग आटे सुटतात, हे मेकॅनिकने सांगितलं होतं, त्याप्रमाणे केलं. (शर्टाची एक बाही त्यात गेली.) प्लंबरांनी पान्याच्या दांड्यात तीन फुटांचा पाइप घातला, दोघांनी जोर लावला आणि कडाड्‌ असा आवाज आला. मला वाटलं नळीच मोडली, पण सेन्सर सुटला होता. आनंदाने मी उठून बसायला गेलो, आणि गाडीखाली उठून बसता येत नाही. टेंगूळ अजून आहे. दुकानातून आणलेला नवा सेन्सर काढून पाहिला तर त्याचं टोक आपल्या गाडीत बसेना, कारण दुकानदाराने नव्या मॉडेलचा दिला होता. बदलायला गेलो आणि आपल्या गाडीचं वर्ष सांगितलं, तेव्हा तो चक्क उभा राहिला. मग आठवडाभर शोधून त्याने योग्य तो आणून दिला.

तिसऱ्या रविवारी तो बारा मिनिटांत बसला. मेकॅनिक आपली डबी घेऊन आला, जुना बिघाड पुसून टाकला आणि दिवा गेला. गाडी इतकी हलकी चालली की प्लंबर मागच्या सीटवर बसून तिला शाबासकी देत होते. मग तुमच्या शिस्तीप्रमाणे मी डॅशबोर्डच्या कप्प्यातली तुमची वही काढली, कारण गाडीचं जे जे काही होईल ते तारीख घालून लिहायचं, असा तुमचा नियम आहे. रिकामं पान शोधताना वही मागे उलगडली. सात वर्षांपूर्वीची नोंद. अक्षर तुमचं. "पिवळा दिवा लागला. काळी चिकटपट्टी लावली. दिवा गेला."

मामा, मी ते पान गाडीत बसून तीन वेळा वाचलं. सात वर्षांपूर्वी ही या घरातही आली नव्हती. दिवा तेव्हापासून पट्टीखाली लागलेलाच होता आणि पट्टी नेमकी तिच्याच हातात गाडी आल्यावर कधीतरी गळून पडली. मला तुमचा राग आला नाही. मला मामी आठवली, खिडकीबाहेर बघणारी. मी सहा वेळा गाडी बंद पाडली तरी ती एक अक्षर बोलली नाही, आणि मी हिला तिने न केलेल्या गुन्ह्यासाठी अर्धा तास सुनावलं. माझी मलाच लाज वाटली.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला शेक देत जा आणि फोनवरचा स्वेटर काढा. अंगाला अजून ऑइलचा वास येणारा,

तुमचा भाचा

ता. क. एक बारीकसं काम होतं. हिला एक पत्र लिहाल का? "सहज आठवलं म्हणून कळवतो, तो पिवळा दिवा माझ्या वेळचाच आहे, तुझा काही दोष नाही, तू खुशाल गाडी चालव," एवढंच. मी सांगितलं असं दिसू देऊ नका. वही दाखवली तर माफी मागावी लागेल, आणि तुमच्याकडून परस्पर कळलं तर विषय आपोआप मिटेल. वही मी माळ्यावर ठेवली आहे.

ता. क. २. शक्यतो लवकर लिहा. किल्ली अजून खिळ्यालाच आहे. हे पत्र पेटीत टाकायला हिच्याकडेच देतोय, बसस्टॉपजवळच पेटी आहे. पाकीट नीट चिकटवलं आहे.

ता. क. ३. मामा, नमस्कार. पुढचं अक्षर माझं आहे. पाकीट नीट चिकटलं नव्हतं, यांचं कुठलंच काम पहिल्या रविवारी होत नाही. डॅशबोर्डवर काळा डाग दिसला म्हणून मी स्पिरिट लावून पुसला, तर पट्टी निघाली आणि खाली दिवा. काय केलंस असं विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं. पुढचं ऐकायला कुणी थांबलं नाही. पट्टी मी जपून ठेवली होती, खाली चिकटवते आहे, तुमची वस्तू आहे. मला पत्र लिहू नका. माफी इथेच, घरात मागायची आहे आणि मी वाट बघते आहे. किल्ली मी आज खिळ्यावरून काढली. रविवारी गाडी घेऊन तुमच्याकडे येते, चालवणार मी, हे शेजारी बसतील. रक्तदाबाचं यंत्र कपाटातून काढून टेबलावर ठेवा, आकडा मी स्वतः बघणार आहे.