गळा दहा, नीट पहा

३ ऑगस्ट
संस्थेच्या बाई आज पुन्हा येऊन गेल्या. खेड्यातल्या बायकांना शिक्षण आणि उपजीविका, असा त्यांचा तीन वर्षांचा प्रोजेक्ट आहे. जागा हवी आहे. माझी पुढची खोली त्यांनी डोळ्यांनीच मोजली. शिवणयंत्रं सहा, बायका बारा, वेळ दुपारी दोन ते पाच. विचार करून कळवतो, असं मी म्हणालो. त्या फाटकापर्यंत पोचायच्या आत हो म्हणून कळवलं. उगाच कुणाला ताटकळत ठेवू नये.
खोली मी एकटेपणा वगैरेंमुळे देत नाही, याची इथे नोंद असावी. मला एकांत आवडतो. ही गेल्यापासून तर त्याची सवयच आहे. हा निव्वळ त्याग आहे.

४ ऑगस्ट
त्यागाला एक अट घातली. उपजीविका संस्थेने नेमलेल्या शिवणबाईंनी पाहावी, शिक्षण मी. संस्थेच्या बाई जरा थांबल्या, मग म्हणाल्या, चालेल सर, साडेचार ते पाच तुमचे, वाचन आणि हिशेब तेवढं बघा. सर म्हणाल्या. ज्याने सबंध नोकरी 'अहो, जरा इकडे या' या हाकेवर काढली, त्याला हा शब्द कसा लागतो ते त्यांना काय कळणार.
संध्याकाळी योजना लिहिली. पहिलं वर्ष: शाळेतल्या पन्नास कविता तोंडपाठ. दुसरं वर्ष: वृत्तं. तिसरं वर्ष: बायका स्वतः रचतील. हिशेब: वेळ उरल्यास.

९ ऑगस्ट
उद्घाटन. शिवणबाईंच्या तोंडात सतत टाचण्या असतात, त्यामुळे त्या बोलत नाहीत, ते बरं आहे. साडेचारला मी उठलो. चौथीत बाकावर उभं राहून म्हटलेली नदीची कविता म्हटली. यंत्रं थांबली नाहीत, पण बारा माना ठेक्यात डोलत होत्या. पहिल्याच दिवशी एवढा रसास्वाद.
मी थांबल्यावरही माना डोलत होत्या. संस्कार खोल गेला असावा.

१८ ऑगस्ट, रविवार
वर्ग बंद. सहा दिवस एवढा गोंगाट असतो की सातव्या दिवशी घर विचित्र वाटतं. तक्रार नाही, निरीक्षण. दुपारी एका यंत्रावर बसून दोरा न घालता पायडल मारलं. यंत्रं चालती ठेवावी लागतात, नाहीतर गंजतात.
तेवढ्यात मुलाचा फोन. बाबा, हा आवाज कसला? मी म्हणालो, माणसं आली आहेत. मग ठेवतो, म्हणाला, तुम्ही बिझी आहात.
माणसं आली आहेत असं पुन्हा सांगायचं नाही.

२२ ऑगस्ट
एक शिकाऊ बाई आहे, सारखी हसते. तिला मी मनात हसरी म्हणतो. तिने आज मध्येच विचारलं, आजोबा, नदी वाहते ते आम्हाला ठाऊक आहे, रोज धुणं तिथेच असतं आमचं. दुकानदार पावतीवर काय खरडतो ते वाचायला शिकवाल का?
सगळ्या हसल्या. मीही हसलो, उशिरा.
व्यवहारी वृत्ती. दुसऱ्या वर्षात सुधारेल. (आजोबा नव्हे, सर. योग्य वेळी सांगायचं.)

२ सप्टेंबर
मोठी बातमी. गावच्या शाळेने गणवेशाचे साठ शर्ट आपल्या वर्गाला शिवायला दिले. तिसरी-चौथीची मुलं, सगळ्यांना एकच माप. बायकांची ही पहिली कमाई. संस्थेच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ही ऑर्डर नीट गेली तर केंद्र कायमचं तुमच्याकडे, भिंतीवर पाटीसुद्धा लावू. नाही जमलं तर शाळेमागची कोठीची खोली रिकामी आहेच, वर्ग तिकडे हलवू.
मी म्हटलं, मला दोन्ही सारखंच.
पाटीसाठी खिळा ठोकला. जरा तिरपा गेला. दुसरा ठोकला.

५ सप्टेंबर
शिवणबाईंची आई आजारी. त्या आठ दिवस गावी चालल्या. मापांचा कागद माझ्या हातात दिला आणि तोंडातल्या टाचण्या काढून बोलल्या, म्हणजे प्रसंग गंभीर. काका, एवढं वाचून दाखवायचं. आपलं काही घालायचं नाही.
इतका विश्वास माझ्यावर ऑफिसात कुणी टाकला नव्हता.

६ सप्टेंबर
वाचून दाखवलं. विसरल्या. पुन्हा वाचलं. पुन्हा विसरल्या. बाही किती हो आजोबा, असं सातदा. अर्ध्या जणींना वाचता येत नाही (हिशेबाबरोबर वाचनही बघायला हवं होतं का? पाहू).
जेवताना एकदम सुचलं. आपल्याला पाढे कशाने लक्षात राहिले? चालीने. ताट तसंच ठेवून उठलो.

गळा दहा, नीट पहा,
बाही सात, शिवण आत,
उंची वीस, नाही घाई,
शिव गं ताई, शिव गं बाई.

छाती वृत्तात बसेना, ती तोंडी सांगणार. कागदावर गळा बारा आहे. पण 'गळा बारा' म्हणून पाहिलं, ओळ बसकी वाटते. 'दहा'त जो गोडवा आहे तो नाही. दोन इंचांनी काय होतंय. कवीला एवढी मोकळीक असतेच.

९ सप्टेंबर
काय लिहू. आज बारा जणी यंत्राच्या ठेक्यावर माझी कविता म्हणत होत्या. हसरी पुढे, बाकीच्या मागे. कात्रीसुद्धा तालात चालत होती. मी दारात उभा होतो. कापडाची धूळ डोळ्यांत फार जाते.
हसरीने मध्येच कॉलर बोटांवर धरून विचारलं, आजोबा, माझ्या पोराची मान मावेल का यात? मी म्हणालो, कवितेला शंका विचारू नये. तुमची कविता, आमची कॉलर, असं काहीसं पुटपुटून ती पुन्हा गाऊ लागली.
पाच वाजले तरी कुणी उठेना. मी चहा केला. साखर जास्त पडली, तरी सगळ्यांनी प्यायला. सहाला शेवटची गेली.
लहानपणी कविता छापून यावी म्हणून किती मासिकांना पाठवल्या. आज आली. कापडावर.

१३ सप्टेंबर
साठ शर्ट घेऊन शाळेत गेलो. भाषण पाठ होतं. मुख्याध्यापकांनी आधी एका मुलाला शर्ट घालायला सांगितला. वरचं बटण लागेना. शिपायाने लावलं. मुलगा लाल झाला. हजेरी घेतल्यावर त्याच्या तोंडून 'हजर'ऐवजी शिट्टीसारखं काहीतरी आलं.
दुसरा मुलगा. तिसरा. हल्ली मुलांचं खाणंपिणं सुधारलं आहे, मान भरते, असं मी सुचवलं. मुख्याध्यापकांनी साठच्या साठ शर्ट पुन्हा माझ्या पिशव्यांत भरले. भाषण झालं नाही. वेळेअभावी.

१४ सप्टेंबर
शिवणबाई आल्या. एक शर्ट उचलला, कॉलरला टेप लावला. टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या, सगळ्या, एकेक करून. गळा दहा कुणी सांगितला?
उत्तर बारा जणींनी एका सुरात दिलं. चारही ओळी, चालीसकट.
मापाचा कागद कुठे आहे, असं शिवणबाईंनी विचारलं. तो मी दिला. त्यांनी वाचला. मग माझ्याकडे बघितलं. कविता समजायला वेळ लागतो, हे मला ठाऊक आहे, पण त्यांना लगेच समजली.

१६ सप्टेंबर
मीटिंग. संस्थेच्या बाई मला 'काका' म्हणाल्या. तुम्हालाही दगदग होते काका, वर्ग शाळेमागे हलवतोय. मी म्हणालो, बरंच झालं, माझं लेखन मागे पडलं होतं. कॉलरी उसवून, गळे वाढवून, नव्या लावून दिल्याशिवाय शाळा पैसे देणार नाही. म्हणजे बायकांचं आठवड्याचं काम पुन्हा करायचं, फुकट.
टेम्पो आला आणि यंत्रं गेली. सगळ्यांत शेवटी हसरी थांबली. आजोबा, राग मानू नका, गाणं छान होतं, मापच वाईट होतं. मग तिने केरसुणी घेऊन खोली झाडली. दोऱ्याचा एक तुकडा ठेवला नाही.
एवढं झाडायची गरज नव्हती.

१७ सप्टेंबर
एकांत. संकल्प: समग्र कविता लिहून काढणे.

१८ सप्टेंबर
शीर्षक ठरलं नाही.

२२ सप्टेंबर, रविवार
मुलाचा फोन. सांगायचं नव्हतं, सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, बाबा, बाराला सारा जुळतं, वारा जुळतं, तारा जुळतं. गळा बारा, जुळला सारा. काय हे.
मी म्हणालो, वारा-तारा फार वापरून झालेत.
पण बोलत राहिला. शाळेतली कुठली कविता मी त्याला आंघोळ घालताना म्हणायचो, तेही त्याला आठवत होतं. एवढा वेळ तो वर्षात बोलला नव्हता. पुढच्या रविवारी त्याला सांगण्यासारखं आता काही घडायला हवं.

२४ सप्टेंबर, दुपार
सहज फिरायला गेलो. शाळेच्या बाजूला रस्ता चांगला आहे. इस्त्रीचा शर्ट होता म्हणून घातला.
मैदानात पोरं ओरडत होती:

गळा दहा, मान पहा,
श्वास नको, चूप रहा.

कुठून उचलली कोण जाणे. मात्रा मोजल्या. बरोबर आहेत. माझ्या तिसऱ्या ओळीपेक्षा सफाईदार.
कोठीच्या खिडकीतून पाहिलं. बारा जणी खाली मान घालून उसवत होत्या. कुणी गात नव्हतं. हसरीसुद्धा हसत नव्हती. भिंतीवर मापांचे आकडे चुन्याने हाताएवढे काढले होते. मी खिडकीच्या गजांची बांधणी पाहत असताना शिवणबाई तोंडातल्या टाचण्यांमधूनच म्हणाल्या, काका, उभेच आहात तर आत या, आणि एक छोटी कात्री पुढे केली.
माझं मार्गदर्शन त्यांना अजून लागतं, हे पाहून बरं वाटलं. दारापाशी बसलो. कविता म्हटली नाही. कुणी म्हणा म्हणालं नाही.

२५ सप्टेंबर
आज सात कॉलरी उसवल्या. कापडाला भोक न पाडता उसवणं ही एक कला आहे. टाका ओढायचा नाही, कापायचा, मग तो आपोआप सुटतो. हे हसरीने दाखवलं. आज तिने मला पाणीही आणून दिलं.
पाच वाजता शिवणबाईंनी माझा गठ्ठा तपासला. सातातल्या दोन कॉलरी नव्या होत्या, बरोबर मापाच्या, कालच लावलेल्या. त्यांनी सुईत दोरा घातला आणि त्या दोन्ही पुन्हा लावायला बसल्या. मी थांबतो म्हणालो, कात्री धरायला. त्या म्हणाल्या, कात्री धरावी लागत नाही.
उद्या या, असं म्हणाल्या नाहीत. येऊ नका, असंही म्हणाल्या नाहीत.
उद्या दीडलाच निघतो.