जाऊबाईंची बागी केसर

अवधपुरी, भोपाळ
रविवार, दुपार

ती. सौ. वन्संना मनोरमाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात घातला आहे, पण आठही अंगांनी घातला असं समजावं).

तुमची शुगर आता कशी आहे? भावोजी सकाळचे फिरायला जातात, की उज्जैनच्या थंडीचं निमित्त मिळालं? इकडे सगळं क्षेम. ह्यांचं, म्हणजे तुमच्या बंधूंचं, पोट जागेवर आहे. माझं मात्र महिनाभर जळतंय. डॉक्टर म्हणतात ॲसिडिटी. त्यांना काय माहीत, धाकट्या जाऊबाईंचं पुस्तक छापून आलंय ते!

हो, विनिताचंच. आपल्या विनायकभावजींची विनिता, जिनं लग्नातल्या उखाण्यातसुद्धा यमक चुकवलं होतं. तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे बसून तिनं शाळा-कॉलेजातल्या मुलींसाठी हिंदीत एक जादूची कादंबरी लिहिली. आणि विषय कोणता घ्यावा? तुमच्या आई ग्वाल्हेरच्या घरी सांगायच्या तो चंबळचा केसरसिंग बागी, जो वराती लुटायचा पण नवरीच्या अंगावरच्या दागिन्याला हात लावायचा नाही. वन्सं, ती गोष्ट मी एकोणीस वर्षांपूर्वी लिहायला घेतली आहे, हे सगळ्या घराला ठाऊक आहे. (वही कोरी आहे असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं. प्रस्तावना चार वेळा लिहून झाली आहे.)

विनितानं त्या केसरसिंगाची सोळा वर्षांची केसर केली. ती शीळ घालते आणि चंबळच्या दऱ्या जागा बदलतात. मागावरचे शिपाई वाट चुकून आपापल्या आजोळी पोचतात. तिची घोडी बुंदेली बोलते. मी ह्यांना म्हटलं, बघा, आईंच्या गोष्टीचं काय करून ठेवलंय! तर हे म्हणाले, "मग काय, घोडीनं मराठी बोलायला हवं होतं?" आणि पुस्तक घेऊन जे आतल्या खोलीत गेले, ते जेवायलाच बाहेर आले. (माझ्या प्रस्तावनेच्या वेळी ह्यांना चष्मा सापडत नव्हता. चारही वेळा.)

मागच्या शनिवारी जवाहर चौकाजवळच्या एका वाचनालयात मुलींशी तिच्या गप्पा ठेवल्या होत्या. मी जाणार नव्हते. पण न जावं तर लोक म्हणणार, थोरली जळते. म्हणून गेले, आणि नवी माहेश्वरी नेसून गेले, कारण जळणारी बाई इतकी नटत नाही. पहिल्या रांगेत बसले. विनिता बोलायला उभी राहिली तेव्हा तिनं हातातला कागद उलटा धरला होता, ते पाहून मला जरा बरं वाटलं (देव मला क्षमा करो). मग ती बोलायला लागली आणि पन्नास मुलींनी मोबाइल खाली ठेवले. ते पाहून पुन्हा जळजळ सुरू.

प्रश्नांची वेळ आली तशी मी उठले. शुद्ध हिंदीत सांगितलं की केसर पुरुष होता आणि घोडी बोलत नव्हती. तेवढ्यात आठवीतली एक चष्मेवाली म्हणाली, "आंटी, आपने घोड़ी से पूछा था?" सगळे हसले. विनिता तेवढी हसली नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

आता खाली बसावं की नाही? पण माझी खोड तुम्हाला माहीत आहे. मी आवाज चढवला, "कहानी कोई पंसारी की दुकान नहीं है कि जो आए, अपनी पुड़िया बँधवा ले जाए!" आणि काय सांगू, सगळ्या मुली एकदम किंचाळल्या. "तालारानी! ये तो तालारानी हैं!"

वन्सं, कबूल करते, मी पुस्तकाची अकराच पानं वाचली होती. तालारानी बाराव्या पानावर येते. ती दऱ्यांमधल्या किल्ल्यात राहणारी जादूगारीण आहे. लोकांच्या गोष्टी पळवते, कुलपात ठेवते, दुसऱ्याला सांगू देत नाही आणि स्वतःही सांगत नाही. पंसारीचं, म्हणजे वाण्याच्या दुकानाचं, ते वाक्य तिच्या तोंडी जसंच्या तसं आहे. मुलींना केसरपेक्षा तीच आवडते म्हणे! पोरींनी सह्यांसाठी मला घेरलं. मी "छे छे, मी कशाला" म्हणेपर्यंत पेन पर्समधून बाहेर आलंच होतं. विनितापुढे अकरा मुली होत्या, माझ्यापुढे चौदा (मोजल्या नाहीत, सहज दिसल्या). एकीनं रागावून दाखवा म्हटलं. दाखवलं.

परतताना रिक्षात मी विनिताला विचारलं, "मला जादूगारीण केलंस?"

ती म्हणाली, "ताई, मी लग्न होऊन आले तेव्हा आईंची वाचा गेलेली होती. केसरची गोष्ट मला तुम्ही सांगितलीत, पोळ्या लाटताना. मग तुम्ही लिहाल म्हणून मी वाट पाहिली. दर दिवाळीला विचारलं, आणि दर दिवाळीला तुम्ही ते वाण्याच्या दुकानाचं ऐकवलंत."

तिचा पदर रिक्षाच्या बाहेर उडत होता, तो मी आत घेतला, एवढंच. तेवढ्यानं माझी जळजळ थांबली असं मात्र समजू नका. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, त्यात ती अख्खी आहे आणि माझं फक्त कोपर.

भावोजींना नमस्कार. नातवंडांना आशीर्वाद, त्यांनी ते पुस्तक मागवलं असेल तर अर्धाच.

तुमची,
मनोरमा

ता. क. विनिता दुसरा भाग लिहिते आहे. परवा तिच्याकडे गेले तेव्हा टेबलावरचा एक कागद माझ्या डोळ्यांखालून गेला (वाचला नाही). नवव्या प्रकरणात केसर तालारानीला कड्यावरून ढकलते. तुम्ही थोरल्या, ती तुमचा शब्द मोडत नाही. तिला फोन करून सांगा, हवं तर पाय मोड, पण मारू नको. माझं नाव घेऊ नका.

आणखी एक ता. क. सोबत सोळा पानं पाठवली आहेत. त्यात तालारानीचं बालपण आहे. तिची फार दया येते. आईंच्या जुन्या ट्रंकेत सापडली असं सांगून विनिताला द्यावीत. आईंचं अक्षर जमेल तसं काढलं आहे. कागद फार नवा दिसला तर दोन दिवस उन्हात टाका.