सोहन्याच्या बसमधली खिडकीची जागा

बाबा, तो सुटला. गेल्या मंगळवारी. बातमी त्याच्या पुतण्याने फोनवर दिली आणि मी सवयीने वकिलांना विचारून ती पक्की करून घेतली. एकाच्या सांगण्यावर बातमी सोडायची नाही, हे नोएडाच्या आमच्या न्यूज डेस्कवर पहिल्याच दिवशी शिकवतात. वकील म्हणाले, जन्मठेप भोगून झाली, तुरुंगात वागणूक चांगली होती, सोडलं. पुतण्या म्हणजे चौधरींचा मुलगा, ज्याचा बाप बसमध्ये आपल्या बाकावर मेला तो. तेव्हा तो पाळण्यात होता. आई अजून दर दिवाळीला त्यांच्या घरी चकल्या पाठवते, म्हणून त्याच्याकडे माझा नंबर होता. मी विचारलं, "राहतात कुठे आता?" तो म्हणाला, "घर पे ही, दीदी. और कहाँ जाते. माँ ने रोटी रख दी सामने." मग त्या थोरल्या काकाबद्दल म्हणाला, "ताऊ आपसे मिलना चाहते हैं. बस वाली बेटी से."

बस वाली बेटी. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून आपण दोघं रविवारी सोहन्याच्या बसने निघायचो, दशम्यांचा डबा, पाण्याची बाटली आणि तुमचा तो मोठा पांढरा रुमाल घेऊन. आई म्हणायची, "त्या बसमध्ये माणसं एकमेकांचे गळे धरतात, आणि तुम्ही पोरीला नेताय!" खरंच धरायची. जागेवरून गुद्दे, सुट्या पैशांवरून कंडक्टरची कॉलर, ओव्हरटेक केलं म्हणून ड्रायव्हर खाली उतरून दुसऱ्या ड्रायव्हरला पान्याने मारणार, आणि सगळी बस खिडकीतून माना काढून बघणार. तुम्ही शांतपणे मला पाट्या वाचायला लावायचात. गुडगाव, बादशाहपूर, भोंडसी, सोहना. मी बोट दाखवीन त्या गावाला उतरायचं, कडुलिंबाखाली जेवायचं, संध्याकाळच्या आत परत. दर रविवारी एखादं शेत कमी झालेलं असायचं. मोहरी जाऊन तिथे चुन्याच्या रेघा, पुढच्या महिन्यात खड्डा, मग सळया. "बघून घे," तुम्ही म्हणायचात, "पुढच्या वेळी नसेल."

चौधरी आपल्याला त्या बसमध्येच भेटले. हसायचे ते सगळं अंग हलवून. "बाबूजी, थारे मराठे तो दिल्ली जीतण आए थे, तम सोहणा देखण आए सो?" तुम्ही म्हणालात, "हमको दिल्ली में क्वार्टर मिल गया चौधरी, बाकी तुम रखो." पुढे दोन-तीन स्टॉप ते हसतच होते. नंतर ते आपल्यासाठी गाजरं आणायचे, मातीसकट. त्यांच्या बोलण्यातून तुम्हाला कळलं होतं की मोठ्या भावाला जमीन कॉलनीवाल्यांना द्यायची होती आणि हे सही करत नव्हते. भावाने एकदा बैलाचा दोर गळ्याभोवती आवळला होता. ते व्रण त्यांनी कॉलर बाजूला करून दाखवले, तेही हसतच.

त्या रविवारी सोहन्याच्या स्टँडवर गर्दी फुटून वाहत होती. तुम्ही बाहेरूनच खिडकीतून रुमाल टाकून बाक धरला. चौधरी मागे उभा राहतो म्हणाले, आणि तुम्ही, पाहुण्याला खिडकी देण्याच्या आपल्या रीतीने, त्यांना हात धरून बसवलंत. "खिडकी में बैठो चौधरी, हवा आएगी." मधे मी, कडेला तुम्ही.

भोंडसी गेल्यावर एका फाट्याशी रस्त्यात आडवा ट्रॅक्टर आहे. बस थांबते. मला वाटतं नेहमीसारखं भांडण असेल. मग आपल्या खिडकीची काच आत येते, सगळी एकदम, माझ्या मांडीवर. बाहेर, खिडकीला खेटून लावलेल्या दुसऱ्या ट्रॅक्टरच्या बोनेटवर उभा असलेला माणूस हुबेहूब चौधरींसारखा दिसतो आणि त्याच्या हातात गंडासा आहे, चारा तोडायचा. लोक दाराकडे पळतात. चौधरींना माझ्यावरून उडी मारून पलीकडे जाता आलं असतं. ते वाकतात. माझं डोकं त्यांच्या छातीखाली दाबलं जातं, मातीचा आणि विडीचा वास येतो, आणि मला स्पष्ट ऐकू येतं. न ओरडता, घरात बोलावं तसं ते म्हणतात, "भाई, देख कै मार. छोरी बैठी सै." मग तो आवाज, लाकूड फोडल्याचा. पुन्हा. पुन्हा. माझ्या मानेवर काहीतरी गरम उतरतं. तुम्ही दोन्ही हातांनी ते पातं धरायला जाता आणि तुमची दोन बोटं कापली जातात. त्यानंतर मला फक्त तुमचा रुमाल आठवतो, त्यांच्या डोक्यावर दाबून धरलेला, आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता.

चौकीत हवालदाराने मला पाणी दिलं आणि विचारलं, "बेटा, तन्नै कुछ सुण्या?" मी तोंड उघडलं. तुम्ही माझ्या थोबाडीत मारलीत, पट्टी बांधलेल्या त्याच हाताने. आयुष्यातली एकमेव. माझा ओठ फुटला. हवालदार म्हणाला, "बाबूजी, बच्ची सै!" तुम्ही म्हणालात, "ये सो रही थी." घरी आईने माझा फ्रॉक धुतला नाही, बंबात घातला. पुढे क्वार्टरच्या खिडकीवर दगड आले, ऑफिसच्या गेटवर माणसं आली, तरी तुम्ही दर तारखेला त्याच बसने कोर्टात गेलात आणि बोट दाखवून सांगितलंत, हाच तो. शेवटी मरणारा काय बोलला, असं विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत, काच फुटत होती, ऐकू आलं नाही. तुम्हाला ऐकू आलं होतं, बाबा. पण "छोरी" हा शब्द कोर्टात गेला असता, तर छोरीला साक्षीला बोलावलं असतं. हे मला मी स्वतः आई झाल्यावर समजलं. तोवर मी त्या थोबाडीचा राग धरून होते, आणि तुम्ही तर कधीचेच गेला होतात.

परवा कॅब करून तिथे जाऊन आले. फाट्यावर आता यू-टर्न आहे आणि चौधरींच्या शेतावर परदेशी नावाची सोसायटी. मुलगी बरोबर होती. तिला म्हटलं, या फाट्याशी. ती म्हणाली, "फाटा म्हणजे कट ना, आई?" इकडे दुभाजकातल्या वळणाला कटच म्हणतात. तेव्हा माझं जे वय होतं, तेच आज तिचं आहे. मी ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितलं.

पुतण्याला मी फोनवर विचारलं होतं, त्यांना माझ्याकडून हवंय काय? तो म्हणाला, "बस इतना, कि पापा आखिर में क्या बोले. ताऊ कहते हैं, गाली दी होगी, पक्का दी होगी. कोई बता दे कि गाली दी थी, तो चैन पड़ जाए." मग अगदी हळू म्हणाला, "मुझे भी किसी ने बताया नहीं, दीदी. आने दूँ या मना कर दूँ?" मी म्हटलं, या.

रविवारी सकाळी अकराला ते दोघं इथे दिल्लीत, द्वारकेच्या माझ्या घरी येतील. गाडी नको, बसनेच येणार, असं म्हातारा म्हणतोय. चहा होईल. आई आतल्या खोलीत बसेन म्हणते. मग तो विचारेल. तुम्ही असता, तर मला माहीत आहे मी काय म्हणावं असं तुम्हाला वाटलं असतं: मैं सो रही थी. नाहीतर एक शिवी सांगून त्या माणसाला मोकळं करावं, तेही तुम्हाला चाललं असतं. पण त्याच्या शेजारी चौधरींचा मुलगा बसलेला असेल, आणि त्याच्या बापाचं ते वाक्य त्याचं आहे. मी ते जसंच्या तसं सांगणार आहे, "भाई"पासून. मुलासाठीच सांगतेय, असं गेले चार दिवस मी स्वतःला बजावतेय. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते: ते ऐकताना म्हाताऱ्याचा चेहरा कसा होतो, हे मला बघायचंय. त्याची खुर्ची मी खिडकीजवळ ठेवली आहे.