भवानीची वेळ

प्रिय त्रुक,

तुमचा अहवाल पोचला. साऊ मावशीच्या सुनेने तो आपल्या भाषेत वाचून दाखवला, तेव्हापासून माझं डोकं तापलंय. आम्ही म्हणे ‘उगवत्या अर्थव्यवस्थेतल्या लघुव्यापारी स्त्रिया’. बरं, असू. पण पुढे काय, तर चटईबाजारातल्या बायकांना धंदा वाढवायची इच्छा नाही, परक्यांवर विश्वास नाही, सगळा निराशेचा सूर! आणि खाली तुझं नाव. याच चटया विकून मी तुला मेलबर्नला धाडलं ना गं?

आठव ती सकाळ. दुकानांच्या फळ्या निघत होत्या, कुणाचीच भवानी झालेली नव्हती, आणि तू तुझ्या तिकडच्या प्राध्यापकांना घेऊन हजर. साहेब प्रत्येकीसमोर बसले, ढीगभर प्रश्न विचारले, गोड हसले आणि साधा हातपंखासुद्धा न घेता उठले. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक हात हलवत गेलं! तुमची पाठ वळताच साऊ मावशीने अपशकुन जावा म्हणून कागद पेटवून दुकानाभोवती फिरवला आणि मला म्हणाली, "तुझ्या लेकीने आज पोटावर पाय दिला माझ्या." दुसऱ्या सकाळी तुम्ही पुन्हा दारात. मग "यंदा धंदा कसा होईल?" या प्रश्नाला ती काय सांगणार? "बुडणार!" म्हणाली. तेच तुम्ही लिहून घेतलंत.

साहेबांचं सोड, परका माणूस, त्याला काय कळणार? पण तू? लहानपणी तुझा पायगुण चांगला म्हणून सगळ्याजणी तुला झोपेतून उचलून आधी आपल्या दुकानात न्यायच्या. तू वीतभर दोरी विकत घ्यायचीस आणि त्यांचा दिवस उजळायचा. त्या तुला मी कानात सांगितलं, काहीतरी घ्यायला लाव त्यांना, नाहीतर दुपारी या. तर तू काय म्हणालीस? "आई, खरेदी केली तर उत्तरं बिघडतात. संशोधनाचा नियम आहे." वा गं शहाणे! दुपारी आला असतात तर याच बायकांनी दुकानात टांगलेल्या झोळीत पडल्या पडल्या, नारळपाणी पाजून, कंबोडियात माल कसा धाडतात ते सगळं सांगितलं असतं.

ज्या परदेशी कंपनीसाठी तुम्ही हे केलंत, तिने तुमच्या अहवालाकडे बोट दाखवून आमच्या चटया नाकारल्या. कारखान्यातल्या प्लास्टिकच्या घेणार आहेत. साऊ मावशीने त्या कंपनीच्या मालासाठी भिजवलेला रंग तसाच पडून आहे. तिच्या दुकानावरून जाताना मला मान वर करवत नाही.

पण हातपाय गाळणाऱ्या आम्ही नव्हेत. सगळ्याजणींनी मिळून नदीकाठी गाळा घेतलाय. माल आता आम्हीच बाहेर पाठवणार. इच्छा नाही म्हणे! तेतचं नवं वर्ष लागलं की सहाव्या दिवशी दुकान उघडायचं ठरलं, आणि भवानी कुणाच्या हातची यावर काल कडाक्याचं भांडण झालं. तुझं नाव मी कुठल्या तोंडाने घेणार? शेवटी साऊ मावशीच कडाडली, "पोरगी चुकली असेल, पायगुण कुठे गेलाय तिचा? त्रुकलाच बोलवा." म्हणून हे पत्र, नाहीतर मी तुला महिनाभर लिहिणार नव्हते. उजाडायच्या आत ये. प्रश्न एकही विचारू नकोस. आणि पहिली चटई साऊ मावशीकडून घे.

अजून रागावलेली, तरी तुझीच,
आई