टॉवेलाखालची गाडी

सोलापूर
१८ नोव्हेंबर २०२५

ती. वच्छलाआत्यास, अमृतचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, शेंगाचटणीचा डबाही मिळाला. डबा कारखान्यातल्या पोरांनी दोन दिवसांत चाटूनपुसून ठेवला. कानाचं यंत्र पुन्हा पेटीत टाकलंस हे वाचून राग आला, पण त्यात माणसांपेक्षा पंख्याचाच आवाज जास्त येत असेल तर तू तरी काय करणार? आपली पत्रंच बरी. मोबाइलवर लिहिलेलं लोक मागाहून पुसतात म्हणून आत्या तो वापरत नाही, असं मी कारखान्यात सांगितलं. सगळे हसले, आणि मग दोघा-तिघांनी गपचूप आपापला मोबाइल उघडून बघितला.

आता मुद्द्याचं. मानसिंगमामांनी स्थळ आणलंय. मुलगी मैंदर्गीची, नाव अपेक्षा, बी.एस्सी. झालेली. वडील अण्णाराव बिराजदार, त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. अक्कलकोटला मामांच्या देखत अर्धा तास बोललो. आत्या, मला ती आवडली. चौतिसाव्या वर्षी हे लिहिताना लाज वाटते, पण आवडली. मी टॉवेलच्या मागांवर काम करतो म्हटल्यावर तिने विचारलं की धुतल्यावर टॉवेल कडक का होतो. आजवर बघितलेल्या सतरा मुलींपैकी एकीनेही टॉवेलबद्दल काही विचारलं नव्हतं.

मामा म्हणतात, तिच्या वडिलांची एकच अट हाय, जावयाच्या दारात मोठी गाडी पाहिजे, लोकांनी वळून बघावं अशी. नवी घेणं या जन्मात शक्य नाही, म्हणून त्यांनी दोन जुन्या बघून ठेवल्यात. एक काळी, जर्मन, छताला काच असलेली. दुसरी पांढरी, जपानी, सात माणसं बसणारी. दोन्ही नऊ लाखांच्या आत येतील. ते नऊ लाख मी मागांसाठी साठवलेले, हे तुला माहीत आहे. राजशेखर शेठ आपले दोन माग विकून मुलाकडे हैदराबादला चाललेत आणि माझ्यासाठी संक्रांतीपर्यंत थांबलेत. गाडी घेतली की माग गेले. मामा म्हणतात, माग काय पुन्हा मिळतील की, पोरगी मिळायची न्हाय.

काळी घेऊ की पांढरी? तू सांगशील तसं.

माझ्यावरचा लोभ गाडी बघून कमी-जास्त करू नकोस.

तुझा,
अमृत

वैराग
२३ नोव्हेंबर २०२५

चि. अमृत यास, आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस, काळी की पांढरी. मी विचारते, मानसिंग का? तुझ्या आईचा चुलतभाऊ म्हणून आजवर तोंड बंद ठेवलं. हा माणूस बैलबाजारात दलाली करायचा. नंतर प्लॉट, नंतर ट्रॅक्टर, आता गाड्या आणि स्थळं. तुझ्या वडिलांना त्याने मिळवून दिलेला बैल तिसऱ्या दिवशी खाली बसला तो उठलाच नाही. अट अण्णारावांची, हे तू त्यांच्या तोंडून ऐकलंस का? तुझे कान तर शाबूत आहेत.

गाडीतलं मला काही कळत नाही, पण पोतं कळतं. शाळेत पोषण आहाराचा तांदूळ मी पंधरा वर्षं उतरवून घेतला. पोत्याच्या तोंडाशी नेहमी पांढराशुभ्र तांदूळ असायचा. मी बाही वर करून कोपरापर्यंत हात घालायची आणि तळातली मूठ बाहेर काढायची. ठेकेदाराने मला नावं ठेवली, पण माझ्या शाळेत किडका तांदूळ शिजला नाही. तूही तसंच कर. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघ. धुणारे दिसतं ते धुतात, आत गुंडाळलेलं कोण धुतंय? खालची चटई उचल. अत्तराचा वास आला तर दुप्पट संशय घे. आणि जायचं ते भर उन्हात.

इकडे थंडी पडलीय. शेजारची रेश्मा आणून देते त्या दुधात पाणी आहे, सिद्ध करायचं राहिलंय. तुझा बायोडाटा मानसिंगने छापून घेतला असणारच, त्याची एक प्रत मला पाठव.

विश्वास ठेवायचाच असला तर माझ्यावर ठेव, तोही तपासून.

आत्या

सोलापूर
३ डिसेंबर २०२५

ती. आत्यास सा. न.

काळीचा पट्टा ओढला. शेवटची वीतभर बाहेर आली तर तिच्यावर सुकलेल्या गाळाची रेघ. नखाने खरवडली तर सीनाकाठच्या मातीसारखी भुकटी हातात आली. विकणारा सांगत होता की गाडी पुण्याच्या डॉक्टरची, फक्त रविवारी बाहेर काढायचे. डॉक्टर रविवारी नदीत फिरायला जात असतील.

मामांना वाईट वाटेल असं वाटलं होतं. उलट ते लगेच म्हणाले की बरं झालं, सुटलो, आता पांढरीच घ्यायची. तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळतोय. काळी मला दाखवली ती पांढरी चांगली दिसावी म्हणूनच की काय?

पांढरी खरंच चांगली आहे. ओळखीच्या मेस्त्रीने तासभर बघून मान डोलावली. पण मालक काही केल्या दिसत नाही. कागद आरटीओत अडकलेत, मालक मोठा माणूस हाय, त्याला बोभाटा नको, असं मामा सांगतात. भाव कसा ठरला ते ऐक. मामांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला आणि खालून माझी बोटं दाबली, बैलबाजारात करतात तशी. टॉवेलही आमच्याच कारखान्याचा. पूर्ण नऊवर नेऊन थांबवलं. मालकाशीपण असंच टॉवेलाखाली बोलून घेतो म्हणाले, म्हणजे त्याचं तुला आणि तुझं त्याला कळायला नको. सोळा तारखेला विसार द्यायचाय.

खोटं कशाला लिहू, पांढरीत बसल्यावर क्षणभर वाटलं, अपेक्षा शेजारी बसलीय.

तुझ्या धाकात असलेला,
अमृत

वैराग
८ डिसेंबर २०२५

चि. अमृत यास, अनेक आशीर्वाद.

बैलबाजारात टॉवेल टाकतात तो बघ्यांना भाव कळू नये म्हणून. त्याखाली घेणारा आणि विकणारा एकमेकांची बोटं दाबतात. इथे तर तुझी बोटं मानसिंगने दाबली आणि मालकाचीही मानसिंगच दाबणार. मग दोन्ही भावांतला फरक कोणाच्या खिशात जातो? मालकाचं तोंड बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस. आणि पांढरी आवडली म्हणून सोडू नकोस, तिच्याही तळात हात घाल.

बायोडाटा दुसऱ्यांदा मागतेय. चटणी पोचते आणि बायोडाटा येत नाही, यावरून मला काय समजायचं ते मी समजले आहे.

एक गोष्ट लिहिते, पुन्हा विचारू नकोस. मी सव्वीस वर्षांची असताना मोहोळच्या एका शिक्षकांचं स्थळ आलं होतं. मी त्यांच्या शाळेत, गल्लीत, किराणा दुकानात चौकशा केल्या. दुकानदाराने त्यांना सांगितलं. त्यांनी निरोप धाडला की एवढी शंका होती तर मलाच विचारायचं होतं. पुन्हा आले नाहीत. माणूस वाईट नव्हता, हे मला मागाहून कळलं. तेव्हा गाडीबद्दल शंका असली तर गाडीत शोध, पण माणसाबद्दल असली तर त्यालाच जाऊन विचार.

पत्र जपून ठेव, मानसिंगच्या हाती लागू देऊ नकोस.

आत्या

सोलापूर
१५ डिसेंबर २०२५

ती. आत्यास सा. न.

तू म्हणालीस म्हणून हात घातला. पांढरीच्या डिकीतली स्टेपनी काढली, तिच्याखालचं जाड कापड उचललं. एक घडी घातलेला कागद मिळाला. स्पर्धा परीक्षेचं हॉलतिकीट. नाव अपेक्षा अण्णाराव बिराजदार. फोटो तिचाच.

मी डिकीतच बसून राहिलो. पहिल्यांदा वाटलं, सगळे सामील आहेत. बाप होणाऱ्या जावयाला आपलीच गाडी विकतोय आणि पोरीने टॉवेलची चौकशी केली तीही शिकवून पाठवलेली. मोबाइल काढून नकाराचा निरोप लिहिलासुद्धा. मग तुझ्या मोहोळच्या गुरुजींची आठवण झाली. पुसला आणि एसटीने मैंदर्गीला गेलो.

अण्णारावांनी मला खताच्या पोत्यावर बसवलं. मी आलो कशाला, हेच त्यांना कळेना. आत्या, त्यांनी गाडीची अट घातलेलीच नव्हती. उलट मामांनी त्यांना सांगितलं होतं की मुलाकडच्यांना सोलापुरात मोठं कार्यालय पाहिजे आणि हजार पान उठलं पाहिजे. त्या खर्चासाठी ते बिचारे गाडी विकायला निघाले होते. टॉवेलाखाली त्यांना सात सांगितले. गिऱ्हाईक कोण, ते सांगितलं नव्हतं.

मग तुझ्यापासून लपवलेलं त्यांना आधी सांगितलं, आता तुलाही सांगतो. माझ्या बायोडाटात ‘स्वतःचा टॉवेल कारखाना’ असं छापलंय. मी जॉबर आहे, दुसऱ्याचे माग दुरुस्त करतो. वाक्य मामांचं, पण मी वाचून गप्प बसलो. अण्णाराव म्हणाले की गाडीचं खोटं मानसिंगचं, कारखान्याचं खोटं तुमचं. विचार करून कळवतो म्हणाले. अपेक्षा घरात होती, बाहेर आली नाही. हॉलतिकीट कुणाला न दाखवता परत घेऊन आलो.

नऊ लाख वाचले. उद्या राजशेखर शेठना विसार देईन. आनंद व्हायला पाहिजे होता, तो काही होत नाही.

रागावून का होईना, लिही.

अमृत

मैंदर्गी
३० डिसेंबर २०२५

ती. वच्छलाआत्यांस, अपेक्षा बिराजदारचा सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. पत्ता अमृतरावांकडून घेतला. तुम्हाला फोन चालत नाही आणि फिरवाफिरवी तर मुळीच चालत नाही, असं ते म्हणाले, म्हणून सरळच लिहिते. माझा तुमच्या भाच्यावर अजून विश्वास बसलेला नाही.

ते येऊन गेल्यावर चार दिवसांनी त्यांचा मला फोन आला. हॉलतिकीट माझ्याकडे आहे म्हणाले. त्यावर पर्यवेक्षकाची सही नाही, म्हणजे तुम्ही त्या दिवशी पेपरला बसला नव्हतात. वडिलांना मी हे बोललो नाही, सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

आत्या, खरं आहे ते. दोनदा नापास झाले होते. तिसऱ्यांदा केंद्रासमोर गाडी लावली आणि पाय खाली टाकवेना. तीन तास गाडीतच बसून राहिले. तिकीट स्टेपनीखाली दडवलं आणि घरी सांगितलं, पेपर अवघड गेला. माझ्या बायोडाटात अजूनही ‘स्पर्धा परीक्षेची तयारी सुरू’ असं आहे. परवा बाबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, दुकानात जाऊन बसले. संध्याकाळी आईला म्हणाले की त्या पोराने माझ्यासमोर स्वतःचं उघड केलं आणि हिचं झाकलं. आई तेव्हापासून हो म्हण म्हणून मागे लागलीय.

पण एकदा खोटं छापून घेणारा माणूस पुन्हा तसं करणार नाही कशावरून? मी गावात कोणाला विचारलं नाही. त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, आत्याला विचारा, ती माझी बाजू घेणार नाही. म्हणून विचारते. तुमचं उत्तर येईपर्यंत मी हो म्हटलेलं नाही.

अधिक-उणं लिहिलं असल्यास सांभाळून घ्यावं.

अपेक्षा

वैराग
५ जानेवारी २०२६

चि. अपेक्षा हिस, वच्छलाबाईचे आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्यात खोट शोधत वाचलं, ती सवयच आहे. हॉलतिकीट स्टेपनीखाली ठेवणारी मुलगी वाचून धसका घेतला, पण दोनच ओळींनी तू वडिलांना स्वतः सगळं सांगितल्याचं वाचलं.

परवा मानसिंग येऊन गेला. समोर बसून तासभर त्याचं तोंड हलत होतं. मला ऐकू येत नाही, हे आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

आता अमृतचं. नऊ वर्षांचा असताना आईबाप गेले आणि माझ्याकडे आला. तेव्हापासून त्याला तपासतेय. त्याचं दप्तर, पेटी, खिसे, काही सोडलं नाही. शाळेतला पृथ्वीचा गोल त्याने फोडला आणि गवताच्या गंजीत लपवला. आठ दिवस धड जेवला नाही, नवव्या दिवशी दोन तुकडे घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला. तो खोटं बोलतो, बाई. पण ते त्याला पचत नाही. कारखान्याचं वाक्य त्याने पुसलं नाही, हा गुन्हा त्याचाच आहे आणि मी त्याला चार पानं सुनावली आहेत. राजशेखर शेठांचे माग त्याने घेतलेत, तेव्हा उन्हाळ्यापर्यंत ते वाक्य खरं होईल. तोवर मात्र त्याच्या दारात जुनी मोटारसायकल आहे आणि तीच राहील.

माझा संशय नेहमी खरा ठरतो असंही नाही. शेजारच्या रेश्माच्या दुधात पाणी नव्हतं. मी गोठ्यात जाऊन धार काढताना बघितली, म्हैसच तशी आहे. तिची माफी मागितली. मोहोळला मागायला हवी होती, तिथे उशीर झाला.

मी आजवर कोणाला जामीन राहिलेली नाही, सख्ख्या भावालासुद्धा नाही. अमृतला राहते. पंचवीस वर्षं तळापर्यंत हात घातला, तिथेही तोच निघाला. हे लिहिताना डोळ्यांना पाणी आलंय, अक्षर फिसकटलं तर समजून घे.

हो म्हणायचं की नाही, ते तुझं तू ठरव. माझ्या भिडेखातर म्हणू नकोस.

वच्छला

ता. क. : हो म्हणालीस तर लग्नाला मला न्यायला तुमची पांढरी गाडी पाठव. बसण्याआधी मी पट्टा शेवटपर्यंत ओढून बघेन, राग मानू नकोस.

मैंदर्गी
१४ जानेवारी २०२६

ती. आत्यांस सा. न.

तिळगूळ सोबत पाठवला आहे. हो म्हटलं.

गाडी विकायची नाही असं बाबांनी ठरवलं आणि लग्न इथेच दारात मांडव घालून करायचं. पत्र आलं त्या दिवशीच मी सातही पट्टे शेवटपर्यंत ओढून बघितले. स्वच्छ आहेत.

तरी तुम्ही बघालच.

तुमचीच आता,
अपेक्षा